टाकीच्या बझरपासून स्पीकरपर्यंत: ट्रान्झिस्टरशी पहिली ओळख

बीसी ५४७ नावाचा ट्रान्झिस्टर दुकानात दोन-तीन रुपयांना मिळतो. तुरीच्या दाण्याएवढा काळा तुकडा, खाली तीन पाय. टाकी भरली की वाजणारा बझर, अंधार पडला की लागणारा दिवा, टीव्हीचा रिमोट, माइकचा आवाज मोठा करणारं मशीन, या सगळ्यांत हा किंवा याचा एखादा भाऊबंद बसलेला असतो. शिकायला सुरुवात करणाऱ्याला मी एवढंच सांगतो: आधी हे दहा नग घेऊन या, सिद्धांत नंतर बघू. दोन-तीन जळतील, जळू द्या.

पुस्तकांत ट्रान्झिस्टरचे दोन धडे असतात. एकात तो स्विच असतो, दुसऱ्यात अ‍ॅम्प्लिफायर. नव्या माणसाचा गोंधळ इथेच होतो, कारण त्याला ही दोन वेगळी यंत्रं वाटतात. खरं तर वस्तू एकच आणि तिचं कामही एकच. तिला पूर्ण उघडायचं, पूर्ण बंद करायचं, की मध्येच धरून ठेवायचं, एवढाच फरक. खालचे चार प्रयोग त्याच क्रमानं लावले आहेत. एक एक करून पुढे जा, मधला गाळू नका.

सामान

मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपासची दुकानं. बाकीच्या गावांत टीव्ही दुरुस्तीवाल्याला विचारा किंवा ऑनलाइन मागवा. यादी अशी:

- ब्रेडबोर्ड (सोल्डर न करता भाग खोचून सर्किट जुळवायची भोकांची पाटी), जंपर वायरी, साधा डिजिटल मल्टीमीटर
- ९ व्होल्टची बॅटरी आणि तिची क्लिप
- बीसी ५४७, दहा नग
- रेझिस्टर: १० ओहम, ४७० ओहम, १ के, ४.७ के, १० के, ४७ के, १०० के, १ मेग (दुकानात ‘के’ म्हणजे किलोओहम, ‘मेग’ म्हणजे दहा लाख ओहम)
- लाल एलईडी, एक एलडीआर (उजेडानुसार बदलणारा रेझिस्टर), १०० केचा प्रीसेट (स्क्रू ड्रायव्हरनं फिरवून कमी-जास्त करायचा रेझिस्टर), १० केचा व्हॉल्यूम पॉट
- ३ ते २४ व्होल्टवर चालणारा छोटा बझर
- कंडेन्सर माइक, एलएम ३८६ आयसी (आयसी म्हणजे एकाच तुकड्यात बसवलेलं अख्खं सर्किट), ८ ओहमचा छोटा स्पीकर
- कपॅसिटर: ०.०४७, ०.१, १, १०, १०० आणि २२० मायक्रोफॅरड

मल्टीमीटर नंतर घेऊ, असं म्हणू नका. तो नसेल तर ट्रान्झिस्टर म्हणजे बंद पेटी. काय चाललंय ते फक्त मीटर सांगतो.

ब्रेडबोर्डची एक खोच आधीच सांगतो. कडेच्या लाल-निळ्या पट्ट्या अनेक बोर्डांत मधोमध तुटलेल्या असतात. डावीकडे दिलेली बॅटरी उजवीकडे पोहोचतच नाही आणि माणूस तासभर ट्रान्झिस्टरला दोष देत बसतो. मीटर कंटिन्युइटीवर (जोड सलग असेल तर बीप देणाऱ्या खुणेवर) लावून बीप येतो का ते आधी बघा.

तीन पाय ओळखणं

बीसी ५४७ची सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली. डावीकडून कलेक्टर, बेस, एमीटर. हे पाठ करा, पण प्रत्येक ट्रान्झिस्टरला लागू आहे असं समजू नका. परदेशी सर्किटांत फार दिसणारा २एन ३९०४ दिसायला हुबेहूब असाच, पण त्याचा क्रम उलटा: एमीटर, बेस, कलेक्टर. तिथलं चित्र बघून बीसी ५४७ लावला की तो उलटा बसतो. उलटा बसलेला ट्रान्झिस्टर पूर्ण मरत नाही, थोडंथोडं काम करतो, आणि म्हणूनच चूक लवकर सापडत नाही. एलईडी लागतो, पण मिणमिणता. अशा वेळी सर्वांत आधी पाय तपासा.

खात्रीसाठी मीटर डायोडच्या खुणेवर ठेवा. लाल टोक बेसवर, काळं टोक आधी एका कडेच्या पायावर, मग दुसऱ्या. दोन्हीकडे ०.६ ते ०.७च्या आसपास आकडा यायला हवा. बारकाईनं बघितलंत तर एका बाजूचा आकडा किंचित जास्त असतो, तो एमीटर. टोकं उलटी केली की काहीच दिसायला नको. कलेक्टर-एमीटरमध्ये कोणत्याही दिशेनं काही दिसायला नको. कुठे शून्य आलं तर ट्रान्झिस्टर शॉर्ट झालाय. ही तपासणी अर्ध्या मिनिटाची आहे. जुन्या बोर्डवरून काढलेला प्रत्येक ट्रान्झिस्टर याच वाटेनं वापरात घ्या.

पाट आणि दार

शेतात दारं धरलेल्याला हे लगेच कळेल. पाटाला पाणी वाहतंय. कुदळीनं थोडी माती बाजूला सारली की वाफ्यात पाणी घुसतं, माती परत ओढली की थांबतं. हाताला जोर लागतो तो मूठभर माती हलवण्यापुरता. पिकाला मिळणारं पाणी मात्र हातानं दिलेलं नाही, ते पाटाचं आहे.

ट्रान्झिस्टरमध्ये पाट म्हणजे बॅटरी, वाफ्याकडची वाट म्हणजे कलेक्टरकडून एमीटरकडे जाणारा रस्ता, आणि कुदळ म्हणजे बेस. बेसमध्ये जाणारा बारीक करंट मोठ्या करंटची वाट उघडतो-मिटतो. किती पट मोठ्या, तो आकडा म्हणजे गेन. बीसी ५४७च्या ‘बी’ गटात तो २०० ते ४५० असतो. एकाच पाकिटातले दोन नग सारखे निघतील असं नाही, आणि हे पुढे अ‍ॅम्प्लिफायर बांधताना फार महत्त्वाचं ठरणार आहे.

म्हणजे ट्रान्झिस्टर वीज निर्माण करत नाही आणि ‘वाढवत’ही नाही. बॅटरीची वीज तो लहान करंटच्या तालावर सोडतो. अ‍ॅम्प्लिफायर या शब्दानं होणारा गैरसमज इथेच काढून टाका, पुढचं सगळं सोपं जाईल.

हे आधी काचेच्या व्हॉल्व्हनी व्हायचं. ते तापायला वेळ घ्यायचे, वीज खायचे आणि जळायचे. १९४७च्या डिसेंबरात अमेरिकेत न्यू जर्सीतल्या बेल लॅबोरेटरीजमध्ये जॉन बार्डीन आणि वॉल्टर ब्रॅटन यांनी पहिला ट्रान्झिस्टर चालवला. २३ डिसेंबरला वरिष्ठांसमोर प्रात्यक्षिक झालं, तेव्हा त्यातून माणसाचाच आवाज मोठा करून ऐकवला होता. पुढच्या वर्षी विल्यम शॉकली यांनी जंक्शन ट्रान्झिस्टरची रचना मांडली. आपला बीसी ५४७ त्याच घराण्यातला. तिघांना १९५६चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. १९५४ मध्ये अमेरिकेत आलेल्या रीजन्सी टीआर-१ या खिशातल्या रेडिओत चारच ट्रान्झिस्टर होते. आपल्याकडे तर पुढे बॅटरीवरच्या रेडिओलाच लोक ‘ट्रान्झिस्टर’ म्हणू लागले. आतल्या भागाचं नाव अख्ख्या वस्तूला मिळालं.

पहिला प्रयोग: दार उघडताना बघा

बॅटरीच्या प्लसकडून ४७० ओहम, तिथून एलईडीचा लांब पाय. एलईडीचा आखूड पाय कलेक्टरला. एमीटर मायनसला. बेसला १० केचा एक पाय लावा आणि दुसरा मोकळा सोडा.

मोकळा पाय प्लसला टेकवा. एलईडी लागतो. आता १० के काढून १०० के लावा. उजेडात फारसा फरक दिसणार नाही. मग १ मेग लावा. आता एलईडी मंद होतो.

हे का झालं ते समजून घेतलंत तर निम्मा विषय संपला. बेस-एमीटरमध्ये सुमारे ०.७ व्होल्ट पडतात, म्हणजे रेझिस्टरवर ८.३ उरतात. १ मेगमधून जाणारा करंट ८.३ मायक्रोअ‍ॅम्पियर. गेन २५० धरला तर कलेक्टरमधून सुमारे २ मिलीअ‍ॅम्पियर जातात. एलईडी लागतो, पण मंद. १०० के लावल्यावर बेसचा करंट दहापट होतो, हिशेबानं कलेक्टरमध्ये २० मिलीअ‍ॅम्पियर यायला हवेत. पण ४७० ओहमचा रेझिस्टर एलईडीतून १४-१५च्या वर जाऊच देत नाही. दार पूर्ण उघडलंय, पाटातच तेवढं पाणी आहे. १० के लावून आणखी जोर केला तरी जास्त कुठून येणार? याला सॅच्युरेशन म्हणतात.

मीटरनं कलेक्टर-एमीटरमधले व्होल्ट मोजा. १० केला ०.१-०.२च्या आसपास, १ मेगला सहाच्या जवळपास. पहिलं पूर्ण उघडं दार, दुसरं अर्धवट. स्विच हवा असेल तर पहिल्या स्थितीत राहा, आवाज मोठा करायचा असेल तर दुसऱ्या. हे दोन आकडे वहीत लिहून ठेवा.

आता १० के परत लावा. त्याच्या मोकळ्या पायाला एका बोटानं आणि प्लसला दुसऱ्या बोटानं शिवा. एलईडी जेमतेम उजळतो, बोट ओलं केलं की जास्त. तुमच्या कातडीतून जाणारा करंट दार उघडतोय. मग दुसरा बीसी ५४७ घ्या: पहिल्याचा एमीटर दुसऱ्याच्या बेसला, दोघांचे कलेक्टर एकत्र, दुसऱ्याचा एमीटर मायनसला. दोघांचे गेन एकमेकांना गुणले जातात, २५० गुणिले २५० म्हणजे बासष्ट हजारांच्या वर. कोरड्या बोटानंही एलईडी झगझगीत लागतो. या जोडीला डार्लिंग्टन म्हणतात. हा बोटाचा प्रयोग फक्त बॅटरीवर करा. भिंतीतल्या प्लगला लावलेल्या चार्जरवर कधीही नको.

दुसरा प्रयोग: टाकीचा बझर

आता कामाची वस्तू. एलईडी आणि ४७० ओहम काढून त्या जागी बझर लावा: लाल वायर प्लसला, काळी कलेक्टरला. एमीटर मायनसला. प्लसकडून १ के आणि त्याच्या पुढे एक लांब वायर. बेसला १० के आणि त्याच्या पुढे दुसरी लांब वायर. बेस आणि एमीटरमध्ये ४७ के. दोन्ही वायरींची सोललेली टोकं पेल्यातल्या नळाच्या पाण्यात बुडवा. बझर वाजेल.

पाणी इथे रेझिस्टरचं काम करतंय. त्यातले क्षार वीज वाहून नेतात, म्हणून बोअरच्या जड पाण्यात हे आणखी चांगलं चालतं. ४७ केचं काम आडवं यायचं: टाकीच्या झाकणाखालची वाफ, ओल यांतून गळणारा बारीकसा करंट तो मायनसला वळवतो, नाहीतर पावसाळ्यात बझर उगीच कुंईकुंई करत राहतो. गच्चीवरून घरापर्यंत वायर लांब असेल तर ती अँटेनासारखी वागते. त्यासाठी बेस-एमीटरमध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटरही टाका.

तांब्याची टोकं टाकीत ठेवू नका. प्लसकडचं टोक विद्युत अपघटनानं झिजतं, हिरवं पडतं, आणि ते तांबं आपल्या पाण्यात जातं. स्टेनलेस स्टीलचे दोन स्क्रू वापरा. ही वस्तू आपण पिण्याच्या पाण्यात सोडतोय, म्हणून हा मुद्दा मी कधी गाळत नाही. टाकी रिकामी असताना दार बंद असतं आणि बॅटरी जवळजवळ काहीच खर्च होत नाही, त्यामुळे एक बॅटरी कित्येक महिने पुरते.

तिसरा प्रयोग: अंधाराचा दिवा

पुन्हा पहिल्या प्रयोगातला एलईडी आणि ४७० ओहम. प्लसकडून १० के, मग १०० केचा प्रीसेट, तिथून बेस. एलडीआर बेस आणि मायनसमध्ये. एलडीआरचा रोध उजेडात कमी आणि अंधारात खूप जास्त. उजेड असताना वरून आलेला करंट त्याच्यातून मायनसला निघून जातो, बेसला ०.६ व्होल्टही मिळत नाहीत. अंधार पडला की त्याची वाट बंद होते आणि करंटला बेसशिवाय जागा राहत नाही. एलडीआरवर तळहात धरून प्रीसेट फिरवत हवी ती संध्याकाळ ठरवा. एलईडीचा उजेड एलडीआरवर पडू देऊ नका, नाहीतर दिवा लागताच त्याला ‘सकाळ’ दिसते आणि तो अर्धवट जळत राहतो.

बीसी ५४७ची मर्यादा १०० मिलीअ‍ॅम्पियर. मोठं काही चालवायचं तर मध्ये रिले, म्हणजे कॉइलच्या चुंबकानं चालणारा स्विच हवा. १२ व्होल्टचा छोटा रिले साधारण ४०० ओहमचा असतो, म्हणजे ३० मिलीअ‍ॅम्पियर घेतो, ते याला सहज पेलतं. फक्त रिलेच्या कॉइलवर १एन ४००७ डायोड उलटा लावायचा, त्याची पांढरी पट्टी प्लसकडे. करंट अचानक तोडला की कॉइल उलटा झटका देते आणि तो बीसी ५४७ची ४५ व्होल्टची मर्यादा सहज ओलांडतो. डायोड विसरला तर सर्किट दोन दिवस चालतं आणि मग ट्रान्झिस्टर शॉर्ट होतो. रिलेच्या दुसऱ्या बाजूला २३० व्होल्ट जोडायचे असतील तर ते ब्रेडबोर्डवर अजिबात नाही. ते काम नीट पेटीत बंद करून, जाणत्या वायरमनला सोबत घेऊनच करा.

याच पद्धतीचा स्विच घरभर आहे. टीव्हीच्या रिमोटमधली चिप स्वतः इन्फ्रारेड एलईडीला पुरेसा करंट देऊ शकत नाही, म्हणून मध्ये एक ट्रान्झिस्टर असतो. रिमोटचं तोंड मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा, बहुतेक फोनवर तो एलईडी लुकलुकताना दिसतो. मोबाइलच्या चार्जरमध्ये आणि इन्व्हर्टरमध्ये स्विचिंग करणारा असतो तो याचाच मोठा भाऊ. इंडक्शन शेगडीत आयजीबीटी नावाचा दणकट प्रकार सेकंदाला वीस हजारांहून जास्त वेळा उघडझाप करतो.

चौथा प्रयोग: आता दार अर्धं उघडं ठेवा

आवाज म्हणजे वर-खाली होणारे व्होल्ट. दार आधीच बंद असेल तर खाली जाणारा अर्धा भाग दिसणारच नाही. पूर्ण उघडं असेल तर वरचा. म्हणून आवाज येण्याआधीच दार अर्धं उघडून ठेवायचं, म्हणजे दोन्हीकडे हलायला जागा राहते. या ठेवण्याला बायस म्हणतात. अ‍ॅम्प्लिफायर बांधणं म्हणजे बरंचसं बायस नीट बसवणंच आहे.

माइकला अजून हात लावू नका. आधी एवढंच जोडा: प्लस ते बेस ४७ के. बेस ते मायनस १० के. प्लस ते कलेक्टर ४.७ के. एमीटर ते मायनस १ के.

आता मोजा, काळं टोक मायनसवर ठेवून. बेसवर साधारण दीड व्होल्ट. एमीटरवर ०.९, म्हणजे बेसपेक्षा सहा-साडेसहा दशांशानं कमी. कलेक्टरवर ४.७च्या आसपास, म्हणजे नऊचा जवळपास मध्य. हे आकडे आले की सर्किट तयार आहे.

एक गोष्ट इथे नक्की करून बघा. ट्रान्झिस्टर उपसून पाकिटातला दुसरा लावा. गेन वेगळा असला तरी कलेक्टरचे व्होल्ट फारसे हलत नाहीत. ही किमया एमीटरच्या १ केची. करंट वाढायला लागला की एमीटर वर उचलला जातो, बेस-एमीटरमधला फरक कमी होतो आणि दार आपोआप थोडं मिटतं. ट्रान्झिस्टर तापल्यावरही हाच रेझिस्टर त्याला आवरतो. नग कोणताही येवो, सर्किट तसंच वागावं, हीच चांगल्या रचनेची खूण. केवळ एका रेझिस्टरवर बेस टांगलेली ‘सोपी’ सर्किटं नव्या माणसाला दिली जातात ते मला पटत नाही. ती एका नगावर चालतात आणि दुसऱ्यावर आवाज फाटतो.

आता माइक. त्याच्या दोन टोकांपैकी जे धातूच्या डबीला जोडलेलं दिसतं ते मायनसला. दुसऱ्याला प्लसकडून १० के. त्याच जोडावरून १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर बेसला, त्याचं प्लस माइककडे. कपॅसिटर स्थिर व्होल्ट अडवतो आणि हलणारे जाऊ देतो, त्यामुळे माइकचे व्होल्ट येऊन आपला बायस बिघडत नाही.

किती पट वाढ होते? कलेक्टरचा रेझिस्टर भागिले एमीटरचा: ४.७. पुढच्या टप्प्याचा भार पडला की थोडी कमी होते. १ केला समांतर १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला तर आवाजापुरता एमीटर थेट मायनसला जातो आणि वाढ दीडशेच्या पुढे पोहोचते. सध्या तो लावू नका, कारण पुढे कळेल.

आवाज ‘फाटतो’ असं आपण म्हणतो तेव्हा दर वेळी स्पीकरचा पडदा फाटलेला नसतो. कलेक्टर वर ९ व्होल्टला किंवा खाली एमीटरला जाऊन टेकतो, लाटेचे माथे सपाट कापले जातात आणि कानाला तो खरखरीत आवाज ऐकू येतो. आवाज कमी करणं किंवा पुरवठ्याचे व्होल्ट वाढवणं, हे दोनच उपाय.

स्पीकर का गप्प बसतो

इथे जवळजवळ प्रत्येक जण कलेक्टरला स्पीकर जोडतो आणि हिरमुसतो. हिशेब करा. आपल्या ट्रान्झिस्टरमधून एक मिलीअ‍ॅम्पियरही जात नाही. ८ ओहमच्या स्पीकरमधून तेवढाच गेला तर त्यावर ७-८ मिलीव्होल्ट पडतील. व्होल्ट वाढवले, पण स्पीकर हलवायला करंट लागतो आणि तो आपल्या टप्प्यात नाही. म्हणून प्रत्येक ऑडिओ मशीनमध्ये व्होल्ट वाढवणारे टप्पे आधी येतात आणि करंट देणारा टप्पा शेवटी.

तो शेवटचा टप्पा एलएम ३८६ देईल. आठ पायांची आयसी. खाच वर धरली की डावीकडचा वरचा पाय पहिला. तिथून डावी बाजू खाली, मग उजवी बाजू वर मोजत जा.

कलेक्टरकडून १० मायक्रोफॅरड (प्लस कलेक्टरकडे) व्हॉल्यूम पॉटच्या एका कडेला. दुसरी कड मायनसला. मधलं टोक आयसीच्या ३ नंबर पायाला. २ आणि ४ मायनसला. ६ प्लसला. ५ नंबरवरून २२० मायक्रोफॅरड, प्लस आयसीकडे, तिथून स्पीकर आणि स्पीकरचं दुसरं टोक मायनसला. ५ नंबरवरूनच १० ओहम आणि त्याच्यापुढे ०.०४७ मायक्रोफॅरड मायनसला. १, ७ आणि ८ मोकळे. ६ आणि ४ यांच्यात, आयसीला अगदी चिकटून, १०० आणि ०.१ मायक्रोफॅरड. हे शेवटचे दोन टाळले तर मशीन फट-फट-फट असा बोटीच्या इंजिनासारखा आवाज करतं, आणि शिकणारा दोष आयसीला देतो.

१ आणि ८ मोकळे असताना आयसीची वाढ २० पट आहे. आपली आधीची ४.७ पट धरून एकूण नव्वदीत. त्या १०० मायक्रोफॅरडनं आधीच दीडशे पट केली असती, तर एकूण तीन हजारांवर जाऊन ब्रेडबोर्डवर शिट्टीच मारत बसली असती. माइक स्पीकरपासून लांब ठेवा. सभागृहात वक्ता माइक घेऊन स्पीकरसमोर गेला की जी किंचाळी उठते, तीच इथे टेबलावर उठेल: स्पीकरचा आवाज माइकमध्ये, तिथून पुन्हा स्पीकरमध्ये.

मोठी मशीनं आणि उष्णता

आपल्याकडे असेंबल करणाऱ्यांच्या हातातून एलए ४४४० या सॅन्योच्या आयसीची किती मशीनं गेली असतील, त्याला गणती नाही. त्याहून मोठ्यात २एन ३०५५ दिसतो, धातूच्या टोपीचा, १५ अ‍ॅम्पियरचा. यांना अ‍ॅल्युमिनियमचा हीट सिंक, म्हणजे उष्णता हवेत सोडणारा तुकडा, लागतोच. कारण सोपं आहे. अर्धं उघडं दार म्हणजे ट्रान्झिस्टरवर व्होल्टही आहेत आणि त्यातून करंटही जातोय. १० व्होल्ट आणि १ अ‍ॅम्पियर म्हणजे १० वॉट नुसती उष्णता. पूर्ण उघड्या दारात व्होल्ट जवळजवळ शून्य, पूर्ण मिटलेल्यात करंट शून्य, म्हणून स्विच फारसा तापत नाही. हीट सिंकवर बसवताना मध्ये अभ्रकाचा पातळ तुकडा आणि पेस्ट विसरू नका. २एन ३०५५ची टोपी हाच त्याचा कलेक्टर असतो, आणि अभ्रक तिला हीट सिंकपासून विजेपुरतं वेगळं ठेवतो.

ही उष्णता टाळायची म्हणून ब्लूटूथ स्पीकरवाल्यांनी काय केलं बघा. त्यांचा क्लास डी अ‍ॅम्प्लिफायर दार अर्धं ठेवतच नाही. तो सेकंदाला लाखो वेळा दार पूर्ण उघडतो आणि पूर्ण मिटतो. आवाजाची लाट वर असेल तेव्हा उघडं जास्त वेळ, खाली असेल तेव्हा कमी. स्पीकरला इतक्या वेगानं हलता येत नाही, तो सरासरीवर चालतो, आणि ती सरासरी म्हणजे आपलं गाणं. पहिल्या प्रयोगातला स्विचच इथे चौथ्या प्रयोगाचं काम करतोय. पीएएम ८४०३ची छोटी पाटी आणून ५ व्होल्टवर हे ऐकून बघा. तिच्या स्पीकरची दोन्ही टोकं आतून चालवलेली असतात, म्हणून त्यातलं एकही मायनसला जोडायचं नाही.

चालत नसेल तर

बॅटरी जोडलेली असताना मोजा, जुळणी उपसत बसू नका. क्रम हाच ठेवा. पट्टीवर खरंच नऊ व्होल्ट आहेत का? बेस एमीटरपेक्षा ०.६ ते ०.७ व्होल्टनं वर आहे का? नसेल तर दोष बेसकडच्या रेझिस्टरांत किंवा उलट्या लागलेल्या पायांत. एक व्होल्टहून जास्त फरक दिसला तर ट्रान्झिस्टर आतून तुटलाय. हे ठीक असेल तर कलेक्टर बघा. तो नऊलाच चिकटला असेल तर दार बंद आहे. एमीटरला चिकटला असेल तर पूर्ण उघडं, बहुतेक वेळा बेस ते मायनसचा १० के भोकात नीट बसलेला नसतो. कलेक्टर मध्यावर असूनही आवाज नाही, तर ट्रान्झिस्टर निर्दोष आहे. कपॅसिटर, माइकची उलटी टोकं आणि व्हॉल्यूमच्या वायरी तपासा, तेही माइककडून स्पीकरकडे, एका वेळी एक जोड हलवत.